रक्ताची साक्ष



सीताबर्डीवरून विधानभवनाच्या बाजूस जाताना शून्य मैलाचा दगड लागतो. देशाच्या त्रिकोणमितीय मोजणीच्या कामी १९०७ साली तो तेथे उभा करण्यात आला. त्याच्या अंगावर चांदा, शिवनी, छिंदवाडा, बैतूल, जबलपूर, हैदराबाद अशी गावांची नावे आणि त्यांची मैलांतील अंतरे कोरलेली आहेत. आपण नागपूरकर त्याच्या शेजारून रोज जातो. बाहेरगावचा पाहुणा आला म्हणजेच काय ते तेथे थांबतो. आज त्या दगडाची आठवण होण्याचे कारण असे की, कोणतीही मोजणी करावयाची झाली तर शून्य कोठे धरावयाचे हे आधी ठरवावे लागते. ते शून्य जमिनीतून उगवत नाही. माणसे एकत्र बसतात, विचार करतात, ठरवितात, आणि मग दगड उभा राहतो.

माझा आजचा विषय हृदयाचा आहे. पण खोल पाहिले तर तो मोजणीचाच आहे. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमन्या असतात. डॉक्टर त्यांना कॉरोनरी धमन्या म्हणतात. त्या अरुंद झाल्या की फुगा घालून रुंद करतात, किंवा बाजूने नवी वाट जोडून देतात. हे उपचार चालू असता खुद्द हृदयाच्या स्नायूला इजा होते काय, झाली तर किती, आणि ती रक्तावरून कशी ओळखावी, ह्या प्रश्नाला सत्तर वर्षांचा इतिहास आहे. मी वैद्य नव्हे, इतिहासाचा एक विद्यार्थी आहे. तेव्हा औषध सांगण्याचा माझा अधिकार नाही. गोष्ट सांगण्याचा मात्र आहे.

ह्या विषयाकडे मी वळलो तो एका मास्तरांमुळे. भंडाऱ्याकडचे माझे एक परिचित, निवृत्त शिक्षक, हातात कागद घेऊन माझ्याकडे आले. छातीत दुखू लागल्यामुळे त्यांची अँजिओप्लास्टी झाली होती, दोन स्टेंट बसविले होते, आणि तिसऱ्या दिवशी ते आपल्या पायांनी चालत घरी गेले होते. परंतु कागदाच्या एका ओळीत ‘ट्रोपोनिन ३१०’ असा आकडा होता आणि शेजारी ‘१४ च्या आत असावे’ असे छापलेले होते. मास्तरच ते, त्यांनी भागाकार केला. बावीस पट! त्या दिवसापासून त्यांनी जिना चढणे सोडले, शेतावर जाणे सोडले. “माझ्या हृदयावर उपचार झाला की घाव झाला, एवढेच मला सांगा,” असे ते म्हणाले. त्यांना त्या आकड्याविषयी कोणी काही सांगितले नव्हते, आणि भिडेखातर त्यांनीही विचारले नव्हते.

मास्तरांचा प्रश्न साधा वाटतो, पण जगातील मोठमोठे हृदयरोगतज्ज्ञ ह्याच प्रश्नावर अजून भांडत आहेत. ते भांडण समजून घ्यावयाचे तर थोडे मागे गेले पाहिजे.

बंद खोलीत पाण्याचे मडके फुटले तर आपल्याला ते दिसत नाही. पण थोड्या वेळाने दाराखालून पाणी बाहेर येते. हृदयाच्या स्नायूचेही तसेच आहे. रक्तपुरवठा तुटला की स्नायूच्या पेशी मरतात, त्यांचे आवरण फुटते, आणि आतील द्रव्ये रक्तात पाझरतात. ते पाझरलेले पाणी ओळखता आले तर खोलीचे दार न उघडता आतली हकीकत कळेल. ही कल्पना प्रथम यशस्वी झाली १९५४ साली, न्यूयॉर्कमध्ये, आणि तीही कर्करोगाच्या संशोधनासाठी नावाजलेल्या स्लोन-केटरिंग संस्थेत. जॉन लाड्यू, फेलिक्स व्रोब्लेव्स्की आणि आर्थर कार्मेन ह्या तिघांना असे आढळले की, हृदयविकाराचा झटका आलेल्या रोग्याच्या रक्तात एक विशिष्ट विकर, म्हणजे एन्झाईम, काही तासांतच वाढू लागते आणि काही दिवसांनी पूर्ववत होते. ह्याचेच नाव पुढे एसजीओटी असे रूढ झाले. १९५७ मध्ये राइटमन आणि फ्रँकेल ह्यांनी ते रंगावरून मोजण्याची सोपी रीत काढली, आणि एक साधा रंगमापक बाळगणाऱ्या प्रयोगशाळेलाही ही तपासणी करता येऊ लागली. आपले मेडिकल कॉलेज १९४७ चे. न्यूयॉर्कच्या शोधाच्या वेळी ते अवघे सात वर्षांचे होते, इतका हा सारा इतिहास अलीकडचा आहे.

परंतु ह्या पहिल्या साक्षीदारात एक मोठा दोष होता. तो हृदयात राहत होता, तसा यकृतातही राहत होता. काविळीच्या रोग्याच्या रक्तातही एसजीओटी वाढलेले सापडे. म्हणूनच ते हृदयाच्या तपासणीतून कधीच बाद झाले आणि आज यकृताच्या तपासणीच्या कागदावर दिसते.

दुसरा साक्षीदार आला तो क्रिएटिन कायनेज ह्या नावाचा. त्याच्या मागे एका भारतीय माणसाचे काम आहे, हे आपल्यापैकी अनेकांस ठाऊक नसेल. भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत हार्वर्डला गेले आणि तेथे सायरस फिस्के ह्यांच्याबरोबर त्यांनी १९२७ साली स्नायूतील फॉस्फोक्रिएटिन हे द्रव्य प्रकाशात आणले. स्नायूला ऐन वेळी लागणाऱ्या शक्तीची ती जणू घरातली शिल्लक. ही शिल्लक वापरात आणणारे जे विकर, तेच क्रिएटिन कायनेज. १९५९ साली टोकियोच्या सेत्सुरो एबाशी ह्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्नायू झिजण्याच्या आजारात ते रक्तात वाढते हे दाखविले. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर ते वाढते हे दिसून आले. हे यकृताच्या घोटाळ्यातून सुटले, पण दुसऱ्या घोटाळ्यात सापडले. क्रिएटिन कायनेज अंगातल्या सर्वच स्नायूंत असते. कमरेत इंजेक्शन घेतले तरी ते वाढे, दिवसभर पोती वाहिली तरी वाढे. पुढे त्याचा एमबी नावाचा प्रकार वेगळा काढण्यात आला. हा प्रकार मुख्यतः हृदयात सापडतो. मग पंचवीस-तीस वर्षे ह्या ‘सीके-एमबी’ची साक्ष ग्राह्य धरली गेली.

आता उपचारांच्या बाजूकडे वळू. १९२९ साली जर्मनीत वेर्नर फोर्समान ह्या तरुण डॉक्टरने स्वतःच्याच दंडातील शिरेतून नळी आपल्या हृदयापर्यंत सरकविली. ह्या कामासाठी १९५६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. १९५८ मध्ये क्लीव्हलंडच्या मेसन सोन्स ह्यांना कॉरोनरी धमन्यांचे चित्र घेण्याची वाट सापडली. १९६७ मध्ये त्याच गावी रेने फावालोरो ह्यांनी पायातील शीर घेऊन बायपासची शस्त्रक्रिया रुळविली. आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिक येथे आंद्रेआस ग्रुएंट्झिग ह्यांनी जागृत रोग्याच्या अरुंद झालेल्या कॉरोनरी धमनीत इवलासा फुगा फुगवून ती मोकळी केली. आरंभीचे फुगे त्यांनी आपल्या घरच्या स्वयंपाकघरातील टेबलावर तयार केले होते.

आपल्याकडेही प्रयत्न कमी झाले नाहीत. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन ह्यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातील पहिले हृदयारोपण केले. त्यांच्या एका आधीच्या प्रयोगाची आज विशेष आठवण करावीशी वाटते. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाचा स्नायू आतल्या पोकळीतूनच रक्त शोषून घेतो, हे ध्यानात घेऊन माणसाच्या हृदयाच्या स्नायूला सुयांनी छिद्रे पाडून रक्ताची वाट करून द्यावी, अशी त्यांची कल्पना होती. तिचा वृत्तान्त १९६५ साली प्रसिद्ध झाला. हृदयाला वाचविण्यासाठी हृदयालाच टोचावयाचे! पुढे ती रीत टिकली नाही. पण उपचार आणि इजा ह्यांचे नाते किती जवळचे आहे, हे तिच्यात उघडउघड दिसते. १९७५ मध्ये डॉ. के. एम. चेरियन ह्यांनी मद्रासमध्ये पेरांबूरच्या रेल्वे रुग्णालयात देशातील पहिली बायपास केली, आणि १९८६ मध्ये मद्रासलाच डॉ. मॅथ्यू सॅम्युअल कलरिकल ह्यांनी पहिली कॉरोनरी अँजिओप्लास्टी केली. कलरिकल हे ग्रुएंट्झिग ह्यांच्याच हाताखाली शिकून आलेले.

आता इजा कशी होते ते पाहा. फुगा फुगलेला असतो तेवढे क्षण धमनीतून रक्त जात नाही. धमनीच्या भिंतीवरचा मेदाचा थर दाबला जातो, तेव्हा त्याचा चुरा सुटून पुढच्या बारीक वाहिन्यांत अडकू शकतो. मोठ्या धमनीत स्टेंट बसविताना बाजूची एखादी फांदी बंद होऊ शकते. बायपासमध्ये तर बहुधा हृदयच काही काळ थांबवावे लागते. ते हाताळावे लागते, त्यावर टाके घालावे लागतात. शेतातली पाटाची वाट मोकळी करताना चार रोपे पायाखाली येतात, तसे थोडेबहुत होणारच. प्रश्न एवढाच की, चार रोपे गेली की सारा वाफा गेला?

जुन्या साक्षीदारांना चार रोपे दिसत नव्हती. ती दिसू लागली ट्रोपोनिनमुळे. हृदयाच्या स्नायूचे आकुंचन चालू-बंद करणारे हे प्रथिन. त्याचा शोध १९६० नंतरच्या वर्षांत त्याच एबाशींनी लावला, आणि १९६५ मध्ये अयाको कोडामा ह्यांच्यासह त्याला नाव दिले. हृदयातील ट्रोपोनिनची घडण अंगातील इतर स्नायूंमधल्या ट्रोपोनिनहून वेगळी आहे, आणि ह्या वेगळेपणाचा उपयोग करून १९८७ मध्ये इंग्लंडमधील कमिन्स ह्यांच्या गटाने आणि १९८९ मध्ये जर्मनीतील ह्यूगो काटुस ह्यांच्या गटाने ते रक्तात मोजण्याच्या रीती सिद्ध केल्या. अखेर हृदयाचा स्वतःचा साक्षीदार सापडला!

त्याची दृष्टी किती तीक्ष्ण असावी? एक किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद आणि एक मीटर खोल असा तलाव डोळ्यांपुढे आणा. त्यात चौदा ग्रॅम, म्हणजे सुमारे सव्वा तोळा, मीठ टाकून ढवळा. त्या पाण्यात मिठाचे जे प्रमाण होईल, तेच मास्तरांच्या कागदावर छापलेल्या ‘१४’चे प्रमाण आहे. आजची यंत्रे ते मोजतात. आणि ही मर्यादा आली कोठून? निरोगी माणसांच्या रक्तातील आकडे चढत्या क्रमाने मांडले, तर शंभरात नव्व्याण्णव जण ज्या रेषेच्या आत येतात ती ही रेषा. ह्याचा अर्थ, शंभरांतला एक निरोगी मनुष्यही तिच्या बाहेर असतो.

श्रोतेहो, खरी अडचण येथून सुरू होते. साक्षीदार जसजसा तीक्ष्ण दृष्टीचा झाला, तसतशी उपचारानंतरची बारीकसारीक इजाही दिसू लागली. कालपर्यंत ज्याला ‘उपचार निर्वेध पार पडला’ असे म्हणत होते, त्याच रोग्याच्या रक्तात आज ट्रोपोनिन सापडू लागले. मग ह्याला हृदयविकाराचा झटका म्हणावयाचे काय? २००० साली युरोप व अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी झटक्याची नवी व्याख्या केली, तिचा आधार ट्रोपोनिन हा धरला. २००७ मध्ये व्याख्या पुन्हा बदलली. अँजिओप्लास्टीनंतर मर्यादेच्या तिपटीहून अधिक आणि बायपासनंतर पाचपटीहून अधिक, अशी रेषा आखली. २०१२ मध्ये त्याच रेषा पाचपट आणि दहापट झाल्या, आणि नुसता आकडा पुरणार नाही, सोबत दुसरा पुरावाही हवा, असे ठरले. अमेरिकेतील अँजिओप्लास्टी करणाऱ्या डॉक्टरांच्या संस्थेने २०१३ मध्ये निराळीच रेषा सुचविली. आधी निकोप असलेल्या रोग्यात नुसत्या आकड्यावरून निकाल द्यावयाचा तर ट्रोपोनिन सत्तरपट झाले पाहिजे, असे तिचे म्हणणे. हृदय तेच, रक्त तेच. पण २००७ मध्ये ज्याला झटका म्हटले असते, त्याला २०१३ मध्ये कोणी काही म्हणाले नसते!

ही केवळ शब्दांची कुस्ती असती तर मी तुमचा वेळ घेतला नसता. डाव्या मुख्य धमनीच्या रोगात स्टेंट चांगला की बायपास, हे पाहण्यासाठी १९०५ रोग्यांवर ‘एक्सेल’ नावाची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१६ व २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्यात उपचारावेळची इजा सीके-एमबीच्या एका विशिष्ट रेषेने मोजली होती. त्या रेषेने बायपासच्या बाजूला झटके अधिक दिसत. प्रचलित सार्वत्रिक व्याख्येने मोजले तर बायपासची ती उणी बाजू राहत नाही, असा आक्षेप निघाला. वाद इतका वाढला की, डिसेंबर २०१९ मध्ये युरोपातील हृदयशल्यचिकित्सकांच्या संस्थेने ह्या विषयावरील संयुक्त शिफारशीचा आपला पाठिंबा काढून घेतला. त्याच सुमारास ‘इस्कीमिया’ ही चाचणी पुरी झाली. तिच्यात ५१७९ रोगी होते, भारतातीलही होते. स्थिर स्वरूपाच्या हृदयरोगात आधी औषधे द्यावी की आधीच अँजिओग्राफी करून धमनी मोकळी करावी, हा तिचा प्रश्न. मृत्यू, झटके अशा मुख्य घटनांत दोन्ही बाजूंमध्ये खात्रीलायक फरक आढळला नाही. आणि उपचारावेळची लहान इजाही ‘झटका’ म्हणून धरणारी व्याख्या लावली की उपचार करणाऱ्या बाजूच्या खाती अधिक झटके जमा होत. म्हणजे रेषा आखणाऱ्याच्या हाती निकालाचा एक भाग असतो. न्यायाधीशाने साक्षीदार ऐकावा हे खरे, पण कायदा कोणी लिहिला हेही विचारावे लागते.

मग रेषा आखावयाची कोणत्या आधाराने? माझ्या अल्प समजुतीप्रमाणे एकच प्रामाणिक आधार आहे : पुढे त्या रोग्याचे काय झाले. असा प्रयत्न २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात झाला. बारा देशांतील चोवीस रुग्णालयांत हृदयशस्त्रक्रिया झालेल्या १३,८६२ रोग्यांचे ट्रोपोनिन मोजले गेले आणि तीस दिवसांतील मृत्यूंशी ते ताडून पाहिले. बायपास किंवा महाधमनीची झडप बदलण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचा धोका निश्चित वाढलेला दिसला तो पहिल्या दिवसाचे ट्रोपोनिन मर्यादेच्या २१८ पटींपलीकडे गेल्यावर. ग्रंथांतील रेषा दहापट, आणि अनुभवाची रेषा दोनशे अठरापट! हा आकडा शस्त्रक्रियेचा आहे, अँजिओप्लास्टीला तो लावता येत नाही. पण लहान इजेचा बाऊ करू नये, आणि रेषेला वेदवाक्य मानू नये, एवढा बोध त्यातून निघतो.

ह्याच्या उलट बाजूही सांगितली पाहिजे. आकडा फसवतो म्हणून मोजूच नये, असे कोणी म्हणू लागेल. ते अधिक घातक. जो हात बरे करतो, त्याच हाताने कधी इजा होते. आणि ती किती झाली हे त्या हाताला स्वतःहून कळत नाही. रक्त तपासले नाही तर बंद झालेली फांदी कागदावर येणारच नाही, आणि दहा वर्षांनीही तो हात आपण निर्दोष आहोत असेच समजेल. ट्रोपोनिन हा वैद्याचा शत्रू नव्हे. तो त्याच्या वहीखात्याचा तपासनीस आहे.

ही गोष्ट आता आपल्या घराची झाली आहे. २०१२ साली आपल्या राज्याने जीवनदायी योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू केली, त्यांत विदर्भातले अमरावती आणि गडचिरोली होते. पुढे ती सगळ्या राज्यात आली. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या किंमत-नियंत्रण प्राधिकरणाने साध्या स्टेंटची कमाल किंमत ७,२६० रुपये आणि औषधी स्टेंटची २९,६०० रुपये ठरविली. धनवंतांचा समजला जाणारा उपचार शेतकऱ्याच्या आणि हमालाच्या आटोक्यात येऊ लागला. शून्य मैलाच्या दगडावर ज्या गावांची नावे आहेत, त्या शिवनी-छिंदवाड्याच्या वाटेनेच आज रोगी धंतोलीत आणि रामदासपेठेत येतात. उपचार जेथे पोचला, तेथे त्याचा हिशेबही पोचला पाहिजे.

आणि हा हिशेब शिकण्याची ताकद ह्या शहरात आहे. येथील सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसच्या जीवरसायन प्रयोगशाळेने, नीरीच्या शास्त्रज्ञाच्या सहकार्याने, मेंदूला रक्त न पोचल्यामुळे होणाऱ्या पक्षाघातात रक्तातील एक प्रथिन खूण म्हणून उपयोगी पडू शकते, असे २००९ मध्ये दाखविले. ती मेंदूची खूण, हृदयाची नव्हे. परंतु विद्या तीच, रक्ताला प्रश्न विचारण्याची.

आता मास्तरांकडे येऊन पुरे करतो. २०१८ मध्ये सुधारलेल्या व्याख्येत शहाणपणाच्या दोन गोष्टी आहेत. पहिली, ‘इजा’ आणि ‘झटका’ हे दोन शब्द वेगळे धरले. अँजिओप्लास्टीनंतर अठ्ठेचाळीस तासांत आकडा पाचपटीपलीकडे गेला, तरी ईसीजीत नवा बदल, चित्रात स्नायूची नवी हानी, किंवा धमनीत प्रवाह अडविणारे विघ्न, ह्यांपैकी काही तरी दिसले पाहिजे; नाही तर ती इजा, झटका नव्हे. दुसरी गोष्ट, उपचाराआधीचा आकडा पाहा. आकडा आधीच वाढलेला आणि स्थिर असेल, तर तो किमान वीस टक्क्यांनी आणखी वाढला पाहिजे. शून्य कोठे धरले हे कळल्यावाचून अंतर सांगता येत नाही.

मी मास्तरांना एवढेच सांगितले की, कागद घेऊन आपल्या डॉक्टरांकडे परत जा आणि तीन प्रश्न विचारा : उपचाराआधी आकडा किती होता? नंतरचा ईसीजी कसा आहे? सोनोग्राफीच्या चित्रात हृदयाची भिंत नीट हलते काय? ते गेले. ईसीजी आणि चित्र दोन्ही ठीक होती. उपचाराआधीचा आकडा मात्र कोणी घेतलाच नव्हता. छातीत दुखत होते तेव्हाच थोडे पाणी दाराखालून आले होते, की फुग्यानंतर आले, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. डॉक्टरांनी त्यांना जिना चढण्यास सांगितले. मास्तर आता जिना चढतात, शेतावर जातात. पण त्यांच्या मूळ प्रश्नाचे अर्धे उत्तर कायमचे गेले.

ते अर्धे उत्तर एका नळीभर रक्ताचे होते. पुढच्या रोग्याचे ते जाऊ नये, एवढ्यासाठी हे व्याख्यान. आपल्यापैकी कोणाच्या घरी असा प्रसंग आला, तर भीड न धरता आधीचा आकडा मागा, नंतरच्याचा अर्थ विचारा, आणि दोन्ही कागद जपून ठेवा.